घरगुती दिव्याची पारख

कडबा घेतांना आपण पेंढी उचलून पाहतों, बियाणें घेतांना दाणे तळहातावर पसरतों. पण घरांत लावावयाचा एल. ई. डी. दिवा मात्र खोक्यावरील आंकडा वाचूनच घेतों. गेल्या पावसाळ्यांत मींही तसेंच केलें. आठवड्याच्या बाजारांतून ‘१२ वॅट’ छापलेले चार दिवे स्वस्तांत आणले. खोक्यावर कारखान्याचें नांवही नव्हतें. ओसरीवर ते लावले, तों धाकट्या मुलीस पुस्तकांतील अक्षर धड दिसेना.

वॅट हें विजेच्या खपाचें माप. प्रकाशाचें माप ल्यूमेन. जुना तारेचा ६० वॅटचा दिवा सुमारें ७०० ल्यूमेन प्रकाश देई, व बहुतेक वीज उष्णतेंत दवडी. चांगला ९ वॅटचा एल. ई. डी. दिवा सुमारें ९०० ल्यूमेन देतो. रोज पांच तास जळणारा जुना दिवा वर्षास साडेएकशें नऊ युनिटें खाई. हा साडेसोळांत भागवितो. तेव्हां खोक्यावर ल्यूमेनचा आंकडा नसेल, तर वॅटचा आंकडा वाचून उपयोग नाहीं.

महसूल खात्यांत आंकडे ताडण्यांतच हयात गेल्यामुळें मला स्वस्थ बसवेना. विजेच्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो. एका युनिटास तो किती वेळां लुकलुकावा, हें मीटरच्या तोंडावर ‘इम्प.’ या अक्षरांजवळ छापलेलें असतें. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरांतील सर्व उपकरणें बंद करून ते चारच दिवे एक तास लावले. खरे १२ वॅटचे असते, तर ठिपका १५४ वेळां लुकलुकावयास हवा होता. मीं ९० मोजले. म्हणजे दिवा सातच वॅटचा! घरच्यांनीं माझी थट्टा केली, पण हिशेब पक्का आहे, आणि तो कोणासही करतां येईल.

आतां टिकाऊपणाविषयीं. प्रकाश देणारा कण सहसा लौकर मरत नाहीं. मरतो तो बुडाशीं असलेला विजेचा संच. घरांतील उलटसुलट वाहणारी वीज तो एकदिशी करितो, व त्यांतील धारित्र उष्णतेनें सुकत जातें. म्हणून उष्णता बाहेर टाकणारें धातूचें अंग दिव्यास लागतें. फार हलका दिवा हातांत येतांच संशय घ्यावा. काचेच्या बंद हंडींत लावल्यानेंही आयुष्य घटतें. आपल्याकडे रात्रीं पंप बंद झाले कीं विजेचा दाब एकाएकीं चढतो. तेव्हां किती व्होल्टपर्यंत दिवा तग धरील, हेंही खोक्यावर वाचावें.

संच हलका असला तर प्रकाशही कांपतो. डोळ्यांस तें कळत नाहीं. दिव्याखालीं पांढरी काडी जलद हलवावी, एकीच्या अनेक तुटक काड्या दिसल्या तर तो दिवा अभ्यासास लावूं नये.

५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनें हे दिवे खेडोपाडीं नेले, पण त्यांच्या आडून हलका मालही आला. घेतांना आय. एस. १६१०२ हा मानकाचा क्रमांक व त्यासोबतचा ‘आर’ नोंदणी क्रमांक पाहावा, आणि हमीपत्रावर दुकानदाराकडून तारीख व सही घ्यावी. तोंडी हमी कामास येत नाहीं.

माझ्या चारांपैकीं दोन दिवे दिवाळीपूर्वींच विझले. उरलेले दोन गोठ्यांत आहेत. तेथें कोणास वाचावयाचें नसतें.