फुकटचं लिनक्स शाळेला कितीला पडतं?

शाळेच्या लॅबमध्ये २०१५-१६ सालचे दहा संगणक आहेत. विंडोज १०ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि हे प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाहीत. दुकानदार म्हणतो, भंगारात काढा. मुख्याध्यापक म्हणतात, लिनक्स टाकू, फुकट आहे. दुकानदाराचं ऐकू नका. पण ‘फुकट’ हा शब्दही समितीच्या ठरावात लिहू नका.

मुळात परवान्यात फार पैसे वाचत नाहीत. शैक्षणिक संस्थांना विंडोज १०ची वाढीव सुरक्षा अपडेट दर संगणकामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलरला मिळतात. त्यानंतर मात्र तोही रस्ता बंद. लिनक्सची खरी बचत म्हणजे दहा नवे संगणक घ्यावे लागत नाहीत.

लिनक्सच्या प्रकारांपैकी मिंट ४ जीबी रॅमवर ठीक चालतं. रखडतं ते जुन्या हार्डडिस्कमुळे. मी अंदाजपत्रकात २५६ जीबीच्या एसएसडीला दोन ते तीन हजार आणि बसवणाऱ्याला पाचशे धरतो. दहा संगणकांचे पंचवीस ते पस्तीस हजार झाले. भाव सारखे हलतात, म्हणून तीन कोटेशनं घ्या, तीही जीएसटीसकट. त्याआधी आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन मिंट त्यावरूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रोजेक्टर सगळं तपासता येतं आणि आतल्या फाइलींना धक्का लागत नाही.

लॅब सोपी असते. घोडं अडतं क्लार्कच्या टेबलावर. एका शाळेत मी उत्साहाने ऑफिसचा संगणकही बदलला. बोनाफाईडचा नमुना उघडला, तर मुलाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविरामांची खिचडी! दोष लिब्रेऑफिसचा, म्हणजे लिनक्सवरच्या ऑफिस सॉफ्टवेअरचा, नव्हता. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली होती. वर प्रिंटरला लिनक्सचा ड्रायव्हरच मिळेना. दाखले काढायला पालक दारात उभे, आणि क्लार्कबाई माझ्याकडे बघतायत. तेव्हापासून ऑफिसातलं एक विंडोज मी हलवत नाही. नमुने युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्यायचे आणि पुढचा प्रिंटर लिनक्सवर चालतो ना, हे विचारूनच घ्यायचा.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पैसे कमी लागतात, वेळ जास्त. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, मोफत. पण शनिवारची दुपार मोकळी ठेवावी लागते. केरळने सरकारी शाळांसाठी स्वतःचं लिनक्स बांधलं, तेव्हा शिक्षकांनाही शिकवलं. लहान वर्गांना जीकॉम्प्रिस हे खेळांतून शिकवणारं सॉफ्टवेअर द्या, ते कुणी शिकवावं लागत नाही.

देखभालीच्या करारात एक ओळ लिहून घ्या: अॅडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात शाळेच्या कपाटात राहील. नाहीतर माणूस काम सोडून गेला की साधा प्रिंटर जोडायलाही त्यालाच शोधत बसावं लागतं.