आई किंवा वडिलांच्या मृत्यूनंतर मुलाशी खरे बोलावे

महादेवपुऱ्यासारख्या भागात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या कुटुंबांचे आजी-आजोबा, काका, मावशी बहुधा दूर गावी असतात. अशा घरात आई किंवा वडिलांचा मृत्यू झाल्यास मुलाला ही वार्ता सांगण्याचे काम उरलेल्या पालकावर एकट्यावर येते.

काय सांगावे?
‘बाबा गावाला गेले’ असे सांगू नये. सुट्टीत गावाला जाऊन परतणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ ‘परत येतील’ असाच कळतो व ते वाट पाहत राहते. ‘झोपले’ म्हटल्यास झोपेचीच भीती बसू शकते. मुलाला जवळ घेऊन सोप्या शब्दांत सांगावे : “बाबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण बाबा मरण पावले. आता त्यांना काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत.” श्रद्धेनुसार जे सांगायचे ते यानंतर सांगावे.

वयानुसार समज
• पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू कायमचा असतो हे उमगत नाही. ते तोच प्रश्न पुन्हा विचारते. तेच उत्तर शांतपणे द्यावे.
• शाळकरी मुलाला ‘मी हट्ट केला म्हणून असे झाले’ असे वाटू शकते. ‘यात तुझी चूक नाही’ हे त्याने न विचारताही सांगावे. रडता रडता ते खेळायला गेले, तर त्याला रागावू नये.
• किशोरवयीन मुलाला ‘आता तूच घरातला कर्ता’ असे म्हणू नये. त्यालाही शोक करण्यास अवसर हवा.

दैनंदिन आधार
• अंत्यसंस्कारात काय दिसेल ते आधी सांगावे. उपस्थित राहावे की नाही, हे मुलाला ठरवू द्यावे. विश्वासातील मोठी व्यक्ती सोबत असावी.
• शाळा, जेवण व झोपेच्या वेळा शक्यतो पूर्ववत ठेवाव्यात. वर्गशिक्षकांना कळवावे.
• आपले अश्रू लपवू नयेत. गेलेल्या व्यक्तीचे नाव, छायाचित्रे व आठवणी घरात राहू द्याव्यात.

मदत केव्हा घ्यावी?
झोप, भूक वा शाळा कित्येक आठवडे विस्कळीत राहिल्यास सल्ला घ्यावा. ‘मलाही बाबांकडे जायचंय’ असे मूल म्हणाल्यास घाबरून न जाता त्याचा अर्थ विचारावा. जीव देण्याचा विचार जाणवल्यास मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी.

टेली-मानस : 14416 (विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही). 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या या सेवेचे शीर्ष केंद्र बेंगळुरूचीच निम्हान्स संस्था आहे.
सांभाळणारे कोणीही न उरलेल्या मुलासाठी : 1098.