तलमडुगूच्या पाळकाला पत्र

नगर

चि. बाळास,



पत्र मिळालं. हैदराबादच्या मोठ्या मंडळीत तुला पगाराची जागा चालून आली आहे. तलमडुगूत रविवारी मूठभर माणसं, अर्पणाच्या थाळीत दहा-दहाच्या नोटा, गावातल्या पोरांचे ‘परक्यांचा धर्म’ म्हणून टोमणे आणि आता मंडळीतच पोळ्यावरून भांडण. ‘आत्या, या सेवेला अर्थ काय?’ असं विचारलंस. प्रश्न खरा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थाळीचं. आपल्या भागात सगळं कापसावर. बियाणं-खत उधारीवर घ्यायचं, पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, आणि वेचणीनंतर पैसा आला की आधी दुकानदाराचा हिशोब. पोळ्याच्या सुमाराला थाळी रिकामी असते, त्यावरून कुणाची श्रद्धा मोजू नकोस. आणि पीक बुडालं ते तुमच्या पापामुळे, असं उपदेशात कधीही म्हणू नकोस. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, यवतमाळात आणि आपल्या आदिलाबादेत, कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिलेले तू लहानपणापासून ऐकतोयस. ज्या घरातला कर्ता माणूस बोलेनासा झालाय, तिथे रविवारची वाट न बघता जा. प्रार्थना कर, पण बसून विचारही: कर्ज किती, बँकेचं की सावकाराचं, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय. ते औषध त्याच्या बायकोला सांगून दुसरीकडे ठेवायला लाव. गरज पडली तर त्याला आदिलाबादच्या रिम्स इस्पितळात स्वतः घेऊन जा. प्रार्थनेने बरा होशील म्हणून कुणाच्या गोळ्या बंद होऊ देऊ नकोस. माझ्या मते तुझी खरी उपासना इथे सुरू होते. रविवारचा तास तिच्यानंतर येतो.

मेदकचं चर्च तू पाहिलंयस. ते उभं राहिलं दुष्काळात. मिशनरी पॉस्नेट साहेबांनी भुकेल्या माणसांना बांधकामावर काम दिलं, त्यांच्या पोटाची सोय केली, आणि २५ डिसेंबर १९२४ ला त्याचं समर्पण झालं. लोक त्याचे रंगीत काचेचे गवाक्ष बघायला जातात. मला तिथे गवंड्याच्या हाताखाली दगड वाहणारी माणसं आठवतात.

आता पोळ्याचं. बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल घातली, त्यांना पुरणपोळी चारली, यात विश्वासाला काय धोका आहे ते मला कळत नाही. वर्षभर राबलेल्या जनावराचे आभार मानायचे नाहीत, असं प्रभूने कुठे सांगितलं? पूजेला बसायचं नसेल त्याने बसू नये, पण गावाच्या तोरणाखालून बैल नेणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची भाषा कुणी केली तर तू ठामपणे नाही म्हण. लग्नातल्या हळदीचंही तेच.

आणि ज्या बाईच्या घरी देवघर अजून तसंच आहे, तिला बाप्तिस्म्याची घाई करू नकोस. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं त्या बाईने काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’त वाच. नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं. जातपात सोडली ती स्वतः विचार करून. टिळकांसारख्या उतावळ्या माणसालाही थांबावं लागलं, तर तुला कसली घाई?

‘परक्यांचा धर्म’ म्हणणाऱ्या पोरांशी वाद घालू नकोस. त्यांच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला जा. टिळक तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जवळ घेऊन. तुझ्याकडे टाळ आहेत, मृदंग आहे, म्हाताऱ्या बायांचे गळे आहेत. भाड्याच्या स्पीकरवर रेकॉर्ड केलेली तेलुगू गाणी मोठ्याने लावण्यापेक्षा त्यांना गाऊ दे. तेलुगू कुटुंबं येतात त्यांच्यासाठी एक पाठ तेलुगूत वाच. ‘वंदनालु’ म्हणणारा आणि ‘सलाम’ म्हणणारा एकाच सतरंजीवर बसला पाहिजे. केस्लापूरच्या नागोबाला जाणाऱ्या गोंड शेजाऱ्याच्या देवाबद्दल मात्र तुझ्या मंडळीतून वावगा शब्द जाता कामा नये.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला माहीत आहे. काही घरं येतात, गातात, रडतात, पण बाप्तिस्म्याचं नाव काढलं की गप्प होतात. कारण कागदाचं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत जवळपास फक्त हिंदूंना ठेवली. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती दलितांना आजही नाही. गोंड-कोलामांना ही अट नाही, कारण जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नाही. ज्या बापाच्या मुलीची शिष्यवृत्ती त्या दाखल्यावर उभी आहे त्याला भित्रा म्हणू नकोस. खोटं बोलायला शिकवू नकोस, आणि निवडही तू करू नकोस. त्याचं ओझं ऐकून घे. कायद्यातला हा अन्याय मोठ्याने बोलून दाखवायचा असेल तर तो सरकारपुढे बोल, त्याच्यापुढे नको.

आता हैदराबादचं. पगार घेणं पाप नाही, आणि तुझ्या आईची औषधं पैशानेच येतात. गेलास तर मी दोष देणार नाही. पण आता, दमलेला असताना ठरवू नकोस. वेचणी संपू दे. तोपर्यंत रोज संध्याकाळी एका घरी जा. कुणासाठी कोण रडतंय, कुणाचं कर्ज थकलंय, कुणाच्या पोराने शाळा सोडली, हे वहीत लिही. जानेवारीत ती वही वाच. मग त्यातली किती माणसं तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतात, याचं उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे दे. जे ठरवशील ते आधी आईला सांग, नंतर मला कळव.

तुझी आत्या