पूररेषा आधी, जागा नंतर

प्रश्न : पंचगंगेकाठच्या आमच्या चार गावांचं सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होणार आहे. नदीलगतचं गायरान सुचवलंय. जागा योग्य आहे का?

उत्तर : उतार सोयीचा आहे, सांडपाणी आपसूक येईल, पंपांची वीज वाचेल. पण आधी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९च्या महापुराच्या भिंतींवरच्या खुणाही मोजा. केंद्रात पूर शिरला की मोटारी, पॅनेल जातातच. टाकीतले मैला पचवणारे जिवाणू वाहून गेले तर ते पुन्हा वाढायला काही आठवडे लागतात. तोवर मैला थेट नदीत! एक पंपिंग स्टेशन वाढलं तरी मी लाल रेषेबाहेरचीच जागा घेईन. आणि खालच्या गावाची नदीतून पिण्याचं पाणी उचलणारी जॅकवेल कुठे आहे, हे विचारल्याशिवाय ठराव करू नका.