विजेच्या तारेवांचून घर

ज्या घरांत विजेची तार आलेली नाहीं, अथवा मुद्दाम घेतलेली नाहीं, तें घर कसें चालतें याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आमचा मानस आहे. अलीकडे शहरांतील कित्येक सुशिक्षित मंडळींस अशा राहणीची ओढ लागली आहे. तिच्यांत सुख आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या सुखासाठीं घरांतील कोण राबतें, हें विचारल्यावांचून तिची स्तुति करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील सर्वांत ठळक उदाहरण पुण्याच्या डॉ. हेमा साने यांचें होय. १९४० सालीं जन्मलेल्या या विदुषी गरवारे महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. बुधवार पेठेसारख्या गजबजलेल्या वस्तींत राहूनहि त्यांनीं घरांत वीज घेतली नाहीं. झाडें, पक्षी व मांजरें यांच्या सहवासांत त्यांनीं वनस्पतींविषयीं अनेक पुस्तकें लिहिलीं. अशा घरांत दिवस मावळण्यापूर्वीं कामें उरकावीं लागतात, रात्र खरीखुरी रात्र असते, आणि प्रत्येक वस्तु किती लागते याचें भान मनुष्यास आपोआप येतें. हा लाभ लहान नव्हे. मात्र त्यांची निवड ही त्यांची स्वतःची होती, हें विसरतां कामा नये.

आतां न्हावऱ्याकडे वळूं. शिरूर तालुक्यांतील हें गांव घोड व भीमा या नद्यांच्या मधल्या, पर्जन्यछायेच्या प्रदेशांत आहे. कालव्यांच्या व विहिरींच्या पाण्यावर या भागांत ऊस वाढला, न्हावऱ्यास घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि शिरूर-दौंडच्या पट्ट्यांत बीडकडील ऊसतोडीच्या टोळ्या हंगामास येऊं लागल्या. मुकादमाकडून उचल घेऊन, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ याप्रमाणें हीं माणसें येतात, आणि कार्तिकापासून फाल्गुन-चैत्रापर्यंत पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपींत राहतात. जवळूनच मोठी तार गेलेली असली तरी कोपींत बहुधा अंधारच. पहांटे काळोखांत चूल पेटवावयाची, भाकरी थापून फडांत जावयाचें, आणि परतल्यावर पुन्हां पाण्याला निघावयाचें. मण्यार रात्रीं हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिचा दंश इतका हलका असतो कीं कित्येकदां तो कळतहि नाहीं. अशा जागीं एका लहानशा दिव्याचें मोल फार मोठें आहे.

त्या दिव्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं करून पाहण्यासारखा आहे. १० वॅटची सोलर प्लेट चांगल्या उन्हांत पांच तास ठेविली, तर ५० वॅट-तास वीज मिळते. बॅटरींतील नुकसान वजा जातां ४० उरते असें धरूं. तीन वॅटचे दोन एल.ई.डी. दिवे तीवर सहा तासांहून अधिक चालतात. तीच वीज एक हजार वॅटच्या इस्त्रीस अडीच मिनिटेंहि पुरत नाहीं! आषाढ-श्रावणांत आभाळ भरलें कीं ही मिळकत निम्म्यावर, कधीं त्याहूनहि खालीं येते. दहा कुमारींच्या दृष्टांतांतील तेलाप्रमाणें उद्यांचा उजेड आजच राखावा लागतो. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी होऊं देऊं नये, नाहींतर ती लवकर निकामी होते.

पाण्याचा हिशेब आम्हांस याहूनहि नवलाचा वाटला. एका कुटुंबास दिवसास २०० लिटर पाणी लागतें असें समजूं. १५ मीटर खोल विहिरींतून तें वर काढण्यास शास्त्रदृष्ट्या अवघे ८ वॅट-तास पुरतात. पंपांत वायां जाणारी शक्ति धरली तरी वीस-पंचवीस. म्हणजे वर सांगितलेल्या प्लेटची अर्ध्या दिवसाची मिळकत. तेंच पाणी डोक्यावरून आणावयाचें तर पंधरा लिटरचे तेराचौदा हंडे होतात. ‘साधी राहणी’ म्हणून जिचें कौतुक चालतें तिच्यांत हे हंडे कोण आणतें? आम्हीं जेथें जेथें पाहिलें तेथें आई, सून, किंवा शाळेंतून काढलेली थोरली मुलगी.

तार आली म्हणजे सर्व कांहीं साधलें असेंहि नाहीं. शेतीपंपांस पाळीपाळीनें रात्रींची वीज मिळूं लागल्यामुळें शेतकऱ्यास अपरात्रीं दारें धरावयास जावें लागतें. शिरूर तालुक्यांतील उसांत बिबट्यांनीं ठाणें केलें आहे, तेव्हां हें काम जिवावरचें आहे. शेतीस दिवसा वीज मिळावी या हेतूनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली.

राहिला सरपणाचा प्रश्न. ऊस तुटून गेल्यावर पाचट शेतांतच पेटवून देण्याची चाल आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं पाचट बंद भट्टींत, पुरेशी हवा न लागूं देतां तापवून त्याचा कोळसा करण्याची रीत बसविली. त्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या करितात. या कामाबद्दल संस्थेस २००२ सालीं इंग्लंडांतील अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळालें. सराई कुकरांत अशा सुमारें शंभर ग्रॅम कोळशावर एका कुटुंबाचा भात, वरण व भाजी वाफेवर शिजते, आणि धुराचा त्रास फारच कमी होतो. भाकरी मात्र त्यांत होत नाहीं; आणि आमच्या भागांत भाकरीवांचून जेवण झालें असें कोणी म्हणत नाहीं. तेव्हां चूल राहतेच. तिच्यावर धुराडें बसविणें हा त्यांतल्या त्यांत सोपा उपाय आहे, पण कोपी दर हंगामास मोडावयाची असल्यामुळें तेथें तोहि साधत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांस या विषयाचा अधिक अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं आपल्या घरीं एक आठवडा टिपण ठेवावें. वहींत तीन रकाने आंखावे: पहिल्यांत काम, म्हणजे पाणी, सरपण, दळण, दिवाबत्ती, दुसऱ्यांत त्यास लागलेला वेळ, आणि तिसऱ्यांत तें काम ज्यानें किंवा जिनें केलें त्याचें नांव. घरांत वीज असली तरी हें टिपण ठेवावें, आणि तिसरा रकाना कोरा सोडूं नये.