आधी झाकण उघडून बघा

पोरांनो, नंदाखालच्या घराघरांतून जुन्या निगेटिव्ह गोळा करायचं तुम्ही मनावर घेतलंत, हे फार चांगलं झालं. आपलं पवित्र आत्मा चर्च 1573 सालचं. पण त्याच्या पायऱ्यांवर उभी राहिलेली जी माणसं आज डोळ्यांनी बघता येतात, ती अलीकडच्या काही पिढ्यांतलीच, आणि तीही माळ्यावरच्या ट्रंकेत, बिस्किटांच्या डब्यात पडलेल्या काचांवर आणि फिल्मवर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे. त्यांनी वसईविषयी लिहिलं ते पुस्तकांतून राहिलं. फोटोंना तसा वाली नाही. स्टुडिओ बंद झाला की निगेटिव्ह भंगारात जातात, आणि काच असेल तर धुऊन खिडकीलाही लागते.

आता स्कॅनर घ्यायचा म्हणता. माझी उमेदीची वर्षं मुंबईत छापखान्याच्या प्रोसेस कॅमेऱ्यापुढे गेली, त्या जोरावर सांगतो. खोक्यावरचे आकडे वाचायच्या आधी स्कॅनरचं झाकण उघडा आणि आतल्या बाजूने बघा. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झाकणात दिवा हवा, आणि त्या दिव्याची खिडकी तुमच्या सगळ्यात मोठ्या निगेटिव्हएवढी हवी. कागदपत्रांसाठी मिळणाऱ्या पातळ स्कॅनरच्या झाकणात दिवाच नसतो, त्यामुळे तो कितीही स्वस्त मिळाला तरी आपल्या कामाचा नाही. एप्सनच्या व्ही600 ला दिवा आहे, पण त्याची खिडकी जेमतेम पावणेतीन इंच रुंद. रोलफिल्मला तो छान चालतो. त्यावर मोठी प्लेट, म्हणजे काचेची निगेटिव्ह, दोनदा-तीनदा सरकवून स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर जोडायची, असं करणारे आहेत. पण प्रत्येक सरकवण्यात काच काचेवर घासते आणि जोडाच्या रेषेवर करड्या छटा जुळत नाहीत. शेकडो प्लेटांना हा उद्योग करू नका.

म्हणून बाजारात जायच्या आधी घरी फूटपट्टी घेऊन बसा. आपल्याकडच्या स्टुडिओत क्वार्टर, हाफ आणि फुल अशी मापं चालायची. क्वार्टर म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार इंच, हाफ पावणेपाच बाय साडेसहा, फुल साडेसहा बाय साडेआठ. स्कॅनरबरोबर येणारे प्लॅस्टिकचे होल्डर मात्र अमेरिकी चार बाय पाच इंचाला बेतलेले असतात. आपली हाफ प्लेट त्यात बसत नाही, ती थेट काचेवरच ठेवावी लागणार. तेव्हा ज्याची खिडकी आठ बाय दहा इंचांची आहे असाच स्कॅनर घ्या. नवा मिळाला तर एप्सन व्ही850. जुन्यात व्ही800, व्ही750, व्ही700, किंवा त्याआधीचा 4990. लग्नाच्या मोठ्या ग्रुपची दहा बाय बारा इंची प्लेट हाती लागली तर ती यातल्या कशातच मावणार नाही. त्यासाठी ए-थ्री आकाराचा, झाकणात दिव्याचा वेगळा जोड असलेला एप्सन 12000एक्सएल लागतो. दोन-चार प्लेटांसाठी तो विकत घेऊ नका, ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडून करून घ्या.

डीपीआयच्या, म्हणजे इंचाला किती ठिपके त्या आकड्याला भुलू नका. व्ही850 वर 6400 लिहिलेलं असतं. पण या जातीच्या स्कॅनरच्या स्वतंत्र चाचण्या झाल्या, त्यांत खरा तपशील 2300 च्या आसपास भरला. त्याच्या वर फक्त फाइल फुगते. आपल्याला त्याचं दुःख नाही, कारण निगेटिव्ह मोठी आहे. हाफ प्लेट 1200 ला स्कॅन केली तर 5700 बाय 7800 ठिपके मिळतात, म्हणजे 19 बाय 26 इंचांचा उत्तम प्रिंट. तीच 2400 ला, 16 बिट ग्रेस्केलमध्ये घेतली तर एक फाइल साधारण 355 एमबीची होते, आणि रंगीत 48 बिटमध्ये एक जीबीच्या पुढे जाते. माझं मत विचाराल तर सगळ्या प्लेटा 1200 ला करा, निवडक 2400 ला. वाचलेल्या पैशांत दुसरी हार्ड डिस्क घ्या आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवा.

डेन्सिटीचा, म्हणजे दाटपणा वाचण्याचा आकडाही असाच. 4.0 लिहितात. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हचा सगळ्यात दाट भागसुद्धा सहसा त्याच्या बराच खाली असतो, तेव्हा त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. आपल्याकडची अडचण उलट्या टोकाला आहे, ती नीट समजून घ्या. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना तांबडा रंग जवळपास दिसतच नसे. आपल्या आज्यांची लाल लुगडी आणि म्हाताऱ्यांच्या लाल टोप्या त्यामुळे फोटोत काळ्याभोर येतात, आणि निगेटिव्हमध्ये तो भाग अगदी पातळ, पाण्यासारखा नितळ असतो. लुगड्याच्या चुण्या, काठ, कासोटा सगळं त्या पातळ भागात दडलेलं असतं. स्कॅनरचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने काळं-पांढरं ठरवायला गेलं की पहिला बळी त्याचाच जातो आणि बाई सपाट काळ्या आकारासारखी उमटते. म्हणून ऑटो बंद ठेवा. हिस्टोग्रामची दोन्ही टोकं मोकळी राहतील असं बघा. 16 बिटमध्ये टिफ फाइल जपा, आणि उजेड-अंधार नंतर प्रतीवर जमवा.

व्ही700 पासूनच्या स्कॅनरांत दोन भिंगं असतात. सॉफ्टवेअरमध्ये होल्डर निवडला की काचेच्या किंचित वर फोकस धरणारं भिंग काम करतं. फिल्म एरिया गाइड, म्हणजे काचेवर ठेवायची चौकट, निवडलं की थेट काचेवर फोकस धरणारं. आपण प्लेट काचेवर ठेवणार, तेव्हा गाइडच निवडायचं. इमल्शनची, म्हणजे चित्राचा थर असलेली बाजू खाली ठेवा. ती ओळखायला प्लेट तिरकी धरून उजेडात बघा: इमल्शन मंद दिसतं, नुसती काच चकाकते. शीट फिल्मच्या कडेला खाचा असतात. फिल्म उभी धरून खाचा वर उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुमच्याकडे आहे असं समजा. चकचकीत बाजू खाली गेली तर दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उठतात. त्यांना न्यूटनची कडी म्हणतात, आणि ती नंतर पुसता येत नाहीत. इमल्शन खाली ठेवल्याने चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल, ते सॉफ्टवेअरमध्ये सुलटं करा. गाइडच्या एका टोकाला कॅलिब्रेशनची रिकामी फट असते. तिच्यावर प्लेटचा कोपरासुद्धा येऊ देऊ नका, नाहीतर फोटोभर रेघा येतात.

धूळ आपोआप काढणारं डिजिटल आइस हे रंगीत फिल्मसाठी. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि ते चांदीलाच धूळ समजून चित्र खराब करतं. ते बंद. धूळ हवेच्या फुग्याने आणि मऊ ब्रशने काढा. काचेची बाजू किंचित ओल्या कापडाने पुसली तर चालते, पण इमल्शनला पाणी लावायचं नाही. तिथे चेहऱ्यांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतील, कडेला तांबड्या शाईचे पट्टे दिसतील. तो मळ समजू नका. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळ करायला, कडा झाकायला रिटचिंगवाल्याने केलेली ती कारागिरी आहे, आणि ती फोटोइतकीच जपायची आहे. सुती हातमोजे काचेवर घसरतात, नायट्राइलचे वापरा. हे काम पावसाळ्यात काढू नका. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत बुरशी तर धरतेच, शिवाय ओलं इमल्शन काचेला चिकटलं तर प्लेट उचलताना चित्र खाली राहतं. थंडीचे महिने बरे.

डबा उघडला की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अॅसिटेट फिल्म कुजायला लागली. ती वेगळ्या डब्यात काढा आणि पहिला नंबर तिचा लावा. कडेला सेफ्टी असं छापलेलं नसलेली, पिवळी पडलेली, चिकट झालेली जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते. तिला चटकन आग लागते, आणि लागली की पाण्यानेही आटोक्यात येत नाही. 2003 साली पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना लागलेल्या आगीत कितीतरी जुने सिनेमे गेले. अशी फिल्म सापडली तर स्कॅनरवर ठेवू नका, घरातल्या माळ्यावरही नको. सावलीत, मोकळ्या हवेत, चुलीपासून आणि देवापुढच्या मेणबत्त्यांपासून लांब ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

जुना स्कॅनर घेणार असाल, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं, तर मुंबईला बोराबाजारात किंवा लॅमिंग्टन रोडला जाताना एक क्वार्टर आणि एक हाफ प्लेट बरोबर न्या. स्वतःच्या घरच्या न्या, लोकांनी विश्वासाने दिलेल्या नकोत. आधी रिकामी काच पूर्ण स्कॅन करायला लावा: उभ्या रेघा दिसल्या तर सौदा सोडा. काचेच्या आतल्या बाजूला तेलकट धूसर थर बसतो, तो टॉर्च तिरका मारला की दिसतो. त्याने काळं करडं पडतं. काच खोलून पुसता येते, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. व्ही700 आणि व्ही750 चा दिवा जुन्या ट्यूबचा, तो तापायला वेळ घेतो; 800 आणि 850 मध्ये एलईडी आहे. फिल्म एरिया गाइड बरोबर मिळतंय ना, ते विचारा, मागून शोधत बसाल. तुमच्या कॉम्प्युटरवर कंपनीचं सॉफ्टवेअर चालत नसेल तर व्ह्यूस्कॅन हे दुसरं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा चालतं. मग तुमची हाफ प्लेट तिथेच, तुमच्यासमोर, 1200 ला स्कॅन करायला सांगा आणि लुगड्याच्या चुण्या मोठ्या करून बघा. दुकानदार त्याला तयार नसेल तर पैसे खिशातून काढू नका.