मासळी कीं मटण?

मधल्या सुटींत डबे उघडले कीं मासळी बरी कीं मटण बरें, हा वाद निघतोच. आमचा कौल मासळीकडे आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. परंतु समुद्रांतून आलें तें सर्व निर्दोष, असें कोणी समजूं नये.

जपानांत मिनामाता नांवाचें समुद्रकांठचें शहर आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचें सांडपाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत समुद्रांत सोडलें जात होतें, व त्यांत पाऱ्याचें एक विषारी संयुग होतें. प्रथम मांजरें वेडींवांकडीं नाचून मरूं लागलीं. पुढें कोळ्यांच्या घरांतील माणसांचे हातपाय लटपटूं लागले, बोलणें अडखळूं लागलें. कित्येक माता धडधाकट दिसत, पण मूल जन्मतःच पंगु निघे. १९५६ सालीं या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचें पाणी हेंच कारण, असें सरकारनें मान्य केलें तें १९६८ सालीं! मधल्या बारा वर्षांत विष वाहतच होतें.

पाण्यांत पारा अत्यल्प, मग माशांत एवढा कोठून आला? सूक्ष्म वनस्पति तो शोषून घेतात, त्या वनस्पति बारीक जीव खातात, त्या जीवांना लहान मासे व लहान माशांना मोठे मासे खातात. शरीरांतून हा पारा फार सावकाश बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक पायरीवर तो सांचत जातो. अल्पायुषी तारली व बांगडा यांत तो थोडा असतो. पुष्कळ वर्षें जगून शिकार करणाऱ्या मोठ्या शार्कमध्यें अधिक. शिजवून किंवा तळून तो जात नाहीं. गर्भवती स्त्रियांनीं व लहान मुलांनीं असे मोठे शिकारी मासे टाळावेत, तें याचसाठीं.

बांगड्याचा दोष निराळा आहे. बांगडा, कुपा, सुरमई हे मासे उन्हांत पडून राहिले कीं त्यांत जंतूंमुळें हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें पोटांत गेल्यावर थोड्याच वेळांत तोंड लाल होतें, डोकें दुखतें, अंगास खाज सुटते. हें द्रव्य उकळूनही नष्ट होत नाहीं, व वासावरून नेहमींच कळतें असेंही नाहीं. तेव्हां कोळणीशीं भाव करण्यापूर्वीं मासा बर्फांत होता काय, हें पाहावें.

आतां मटणाकडे वळूं. बोकडाचें, गाईम्हशीचें व डुकराचें मांस तांबड्या मांसांत मोडतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं असें मांस ‘बहुधा’ कर्करोगकारक ठरविलें. हॅम, बेकन, सॉसेज असें खारवलेलें वा धुरावलेलें मांस मात्र निश्चित कर्करोगकारक ठरलें. गोव्याचें चोरीसही याच पंक्तींतलें, हें लिहितांना आम्हांस वाईट वाटतें. असें मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो. शंभरांतील अठरांना रोग होतो, असा याचा अर्थ नव्हे; मुळांत पांचांना होणार असेल तेथें सहांच्या आसपास होईल, इतकाच. येथें मुलें हटकून चुकतात.

मटणांतून लोह चांगलें मिळतें, हेंही खरें. शिजविलेलें तांबडें मांस आठवड्यास ३५० ते ५०० ग्रॅमपेक्षां अधिक नसावें, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. ज्यांच्या घरीं केवळ रविवारीं मटण शिजतें, ते या मर्यादेपलीकडे सहसा जात नाहींत. वाटी किती वेळां पुढें केली, तें ज्याचें त्यानें आठवावें.